लाइट आली की बोलणारा लॅपटॉप

३ फेब्रुवारी, सोमवार

दिपानं आज मला मुदत दिली. महिना संपायच्या आत तिचा लॅपटॉप आपोआप बोलायला लागला पाहिजे. “तू न येता,” असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, आठ दिवसांत करतो.

म्हणून ही वही घेतली. काय काय केलं ते लिहून ठेवलं नाही तर एकदा जमलेलं दुसऱ्यांदा जमत नाही, एवढं मी कॉलेजात शिकलो. तिथं ते प्रयोगवहीत लिहायचं असतं. माझी प्रयोगवही दुसऱ्या वर्षाला मी सरांच्या टेबलावर आपटली आणि नांदेडहून सरळ घरी आलो. सर म्हणाले होते, तांड्यावरून इथवर आलात हेच खूप झालं. आपटली ते बराबरच केलं. परत जाऊन माफी माग म्हणून माझे वडील, बापू, सहा महिने मागं लागले होते. आता लागत नाहीत.

आता मी गोरेगावात शिवशंकरच्या दुकानात एका टेबलावर मोबाईल दुरुस्त करतो. दिपा आमच्याच तांड्यावरची, हरिचंदकाका चव्हाणांची मोठी मुलगी. नऊ वर्षांची असताना तापात डोळे गेले. बारावी तिनं लेखनिक घेऊन दिली आणि तिला माझ्यापेक्षा अकरा टक्के जास्त पडले. तिच्या मामानं जुना लॅपटॉप पाठवला. त्यावर विंडोज रांगत होतं. मी ते काढून लिनक्स टाकलं आणि स्क्रीनवरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्राम चालू करून दिला, मराठीसकट. आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा आहे, पण दिपाला चालतो. ती तो इतक्या वेगानं लावते की मला एक शब्द कळत नाही.

तकलीफ अशी की लॅपटॉपचा स्पीकर जळालेला, वायरचा हेडफोन लावायचं भोक मोडलेलं आणि बॅटरी मेलेली. म्हणून कळमनुरीच्या बाजारातून ब्लूटूथचा नेकबँड, म्हणजे गळ्यात घालायचा बिनवायरचा हेडफोन, आणला. लाइट गेली की लॅपटॉप बंद. लाइट आली की दिपा बटण दाबते, लॅपटॉप चालू होतो, पण नेकबँड जुडत नाही. स्क्रीनवर त्याच्या नावावर क्लिक करावं लागतं. जुडल्याशिवाय आवाज नाही, आणि आवाज नाही तर तिला ते नाव सापडणार कसं? मग ती मला फोन करते. दिवसातून तीनदा लाइट जाते, मी तीनदा जातो. दुकानातून गाडीवर चौदा मिनिटं.

शिवशंकर म्हणतो, “तुझं दुकान हितं हाय का हरिचंदच्या वसरीत?”

(घरी, तांड्यावर आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतो. इथं सगळ्यांचं मराठीत लिहितोय. शिवशंकर तेवढा मूळचाच मराठी.)

५ फेब्रुवारी

लिनक्समधे कुठल्याही ब्लूटूथ वस्तूची ‘भरवशाची’ म्हणून नोंद करता येते. एकदा नोंद झाली की ती विचारल्याशिवाय जुडते. मामुली काम. नोंद केली, लॅपटॉप बंद केला, चालू केला. दिपानं मान हलवली, म्हणाली, जुडला. एवढंच. काहीतरी आणखी म्हणेल असं वाटलं होतं.

चार वाजता लाइट गेली. साडेपाचला आली. पाच पस्तीसला फोन.

८ फेब्रुवारी

कारण सापडलं. लॅपटॉप चालू होताना आत काय काय झालं त्याच्या नोंदी तो स्वतःच ठेवतो. तीन दिवस त्या वाचल्या. ब्लूटूथ आधी जागं होतं आणि नेकबँडला बोलावतं. आवाजाचा भाग त्यानंतर पाच-सात सेकंदांनी उठतो. नेकबँड येतो, त्याला आवाज द्यायला कुणीच उठलेलं नसतं, तो निघून जातो. परत त्याला कुणी बोलावत नाही. कधी आवाज लवकर उठला तर जुडतो. म्हणून कधी होतंय, कधी नाही.

उपाय मी जेवता जेवता काढला. एक छोटी फाईल लिहायची. आवाज उठला का बघ. उठला की मगच बोलाव. नाही आला तर दर पाच सेकंदांनी पुन्हा बोलाव.

नांदेडच्या सरांना हे सापडलं असतं? नसतं.

१० फेब्रुवारी

फाईल परवाच लिहून झाली. पेन ड्राइव्हमधे आहे. अजून टाकली नाही.

वही माझी आहे, म्हणून खरं लिहितो. टाकली की फोन येणार नाही. आत्ता तिचा फोन आला की मी गाडीला किक मारतो, तिच्याजवळ दीड हात अंतरावर बसतो, क्लिक करतो, आणि लॅपटॉप बोलायला लागला की तिचं तोंड कसं होतं ते बघतो. हे दिवसातून तीनदा. तालुक्यात एवढं कुणाच्या नशिबात आहे?

आज नवा शर्ट घातला आणि अत्तर लावलं. शर्टाचा उपयोग नाही हे तिथं पोचल्यावर लक्षात आलं. अत्तराचा झाला. ती म्हणाली, “नेकबँड जोडायला आलास का बघायच्या कार्यक्रमाला?” तिची याडी, म्हणजे आई, चतुराबाई, चुलीजवळ बसून हसायला लागली. दिपाच्या मनात काहीतरी असल्याशिवाय ती बघायचा कार्यक्रम म्हणाली नसती.

तिनं परत विचारलं, झालं का. मी म्हटलं, अवघड आहे, लय खोलात जावं लागतंय.

मुदतीचं तिनं असं काहून धरलंय ते मात्र कळत नाही. मी विचारलं तर म्हणाली, काम आहे. मला वाटतं ती माझी परीक्षा घेऊन राहिली. बघतेय, पोरगा दिलेला शब्द पाळतो का.

१२ फेब्रुवारी

आज ती चिडली. लाइट सकाळी गेली, दोनदा आली-गेली, मी दुसऱ्यांदा पोचायला अर्धा तास लागला, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं. ती म्हणाली, जमत नसेल तर सांग, मामाच्या ओळखीचा हिंगोलीचा एक पोरगा आहे, त्याला बोलावते.

हिंगोलीचा पोरगा. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सरक. पेन ड्राइव्ह लावला, फाईल टाकली, बघता बघता सगळं करून दिलं. जवळपासच्या ब्लूटूथ वस्तूंची यादी काढली तर त्यात ‘वायरलेस’ नावाच्या दोन. एक तिचा नेकबँड. दुसरी काय ते बघायला वेळ नव्हता, म्हणजे डोकं नव्हतं. दोन्ही भरवशाच्या म्हणून नोंदल्या, दोन्ही फाईलमधे घातल्या. त्यातली एक तर तिचीच.

हरिचंदकाकांना मेन स्विच पाडायला लावलं. वर केला. दिपानं बटण दाबलं. मी मागं हात बांधून उभा. बारा सेकंद. मग तिचं तोंड झालं. तसं.

“योगेश,” ती म्हणाली, “आता तू जा.”

मी गेलो. पूर्ण रस्ताभर गाडी टॉप गिअरला होती. मराठवाड्यात हे काम कुणी केलं असेल तर मी.

१३ फेब्रुवारी

फोन नाही. लाइट चारदा गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सेवालाल महाराजांची जयंती. लिहू का नको असं झालं होतं. लिहितो.

तांड्यावर सकाळपासून भजन. तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, रूपसिंगकाका. त्यांचा एरवी मंदिरातच असणारा मोठा स्पीकर पायरीवर ठेवलेला. हरिचंदकाकांचं घर मंदिराला लागून, मधे फक्त कूड. दुपारी भोग लावायची वेळ झाली. अग्नी पेटवलेला, लापशी-तूप तयार. रूपसिंगकाकांनी मोबाईलवरचं भजन बंद केलं, ब्लूटूथ बंद केलं आणि मोबाईल खिशात घातला. भोगाच्या वेळी कुणी बोलत नाही. दीडशे माणसं हात जोडून उभी, नाईक विनंती, म्हणजे प्रार्थना, म्हणणार, पोरंसुद्धा गप्प. हरिचंदकाका तुपाची वाटी घेऊन पुढं वाकलेले.

आणि स्पीकर बोलायला लागला. पत्र्यावर खडे टाकल्यासारखा.

एक नवीन संदेश, म्हणाला. मग: कुमारी दिपा हरिचंद चव्हाण यांस. निवासी संगणक प्रशिक्षणासाठी आपली निवड झाली आहे. कालावधी नऊ महिने. दिनांक तीन मार्च रोजी पुणे येथे हजर राहावे. सोबत पालकांचे संमतीपत्र.

मग बंद झाला. दिपानं घरात लॅपटॉपचं झाकण आपटल्याचा आवाज मी ऐकला.

लक्ष्मीबाई म्हणून आमच्या शेजारची म्हातारी आहे, तिनं विचारलं, राशनचं काय म्हणले? कुणी हसलं नाही. काकांच्या हातात तुपाची वाटी तशीच. रूपसिंगकाकांनी विनंती म्हटली, भोग लागला, सगळं रीतीनं झालं. मी अग्नीकडं बघत होतो आणि मला काहीच दिसत नव्हतं.

दुसरा ‘वायरलेस’ कुठला ते मला तेव्हा कळलं. दोन्ही वस्तू कळमनुरीच्या एकाच गाड्यावरच्या, एकाच नावाच्या. मोबाईलपासून स्पीकर मोकळा झाला, तेवढ्यात दिपानं लॅपटॉप चालू केला आणि त्याला तो आधी सापडला. घरात दिपाला वाटलं नेकबँड जुडायला वेळ लागतोय. घर रिकामं आहे तोवर मेल बघावा म्हणून तिनं पाठ असलेल्या बटणांनी तो उघडला. कानात काही येईना आणि बाहेर तिचंच नाव.

१६ फेब्रुवारी

सकाळी हरिचंदकाकांनी मला बोलावलं. रूपसिंगकाका, चतुराबाई, सगळे वसरीत. दिपा भिंतीला टेकून बसलेली. काकांनी आधी मलाच विचारलं, हे तुला ठाऊक होतं का. मी म्हटलं, नाही. खरंच नव्हतं. त्यांना ते पटलं, आणि तेच मला जास्त लागलं. म्हणजे मलासुद्धा सांगितलेलं नाही हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं.

काका ओरडले नाहीत. म्हणाले, न विचारता अर्ज केला त्याचं मी पुढं बघीन. आधी मला हे सांगा की तिथं कोण आहे. इथं लाइट गेली की योगेश येतो. तिथं हिला कोण जोडून देणार? “ज्या मशीननं भोगात माझ्या लेकराचं गुपित फोडलं, त्याच्या भरवशावर तिला पुण्याला धाडू व्हय?”

दिपा म्हणाली, “मशीननं न्हाई फोडलं, बापू. योगेशनं फोडलं.”

आवाज अजिबात चढवला नाही. मी उभा राहून काहीतरी बोललो, मोठ्यानं बोललो, गाड्यावाल्याला, कंपनीला, सगळ्यांना शिव्या दिल्या. स्पीकर फोडून टाकतो म्हणालो. रूपसिंगकाका म्हणाले, “माझा स्पीकर कशाला फोडतू? त्यानं जे आलं ते म्हणलं.”

मग दिपानंच तोडगा काढला. सात दिवस. काकांनी पाहिजे तेव्हा मेन स्विच पाडायचा, पाहिजे तेव्हा वर करायचा. योगेशनं अंगणात पाय ठेवायचा नाही. सातही दिवस ती एकटीनं लॅपटॉप बोलता करेल. एकदाही कुणाला हाक मारावी लागली तर जाणार नाही, तिचा शब्द. काका व्हय म्हणाले. त्याआधी मला दुरुस्तीला एक तास.

१८ फेब्रुवारी

तो तास उद्या सकाळी आहे. दुकानात काम होत नाही.

यादीत प्रत्येक वस्तूच्या नावाखाली तिचा स्वतःचा बारा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो. नाव सारखं असलं तरी नंबर वेगळा. मी स्पीकर काढून टाकणार आणि फाईलमधे नावाऐवजी नेकबँडचा नंबर घालणार. बास. तेवढंच काम आहे.

त्यातला एक आकडा चुकला तर नेकबँड जुडणार नाही. आठाच्या जागी तीन. कुणाला कळणार? दिपा इथंच राहील. दिवसातून तीनदा फोन येईल. मी दोन तास हाच विचार केला. लाज वाटते, पण केला.

शिवशंकर म्हणाला, तुझी तब्येत बरी न्हाई का. मी म्हटलं, नाही.

१९ फेब्रुवारी

केलं. स्पीकर काढला. फाईलमधे नंबर टाकायची वेळ आली तेव्हा दिपा तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली. नंबर मोठ्यानं वाच, म्हणाली. मी स्क्रीनवरून एक एक वाचला. तिनं तो परत म्हणून दाखवला, न अडखळता, सगळे बाराच्या बारा.

मी तोच टाकला. आठाच्या जागी आठ. तीन टाकला असता तर ते माझ्या हातचं काम असतं आणि बिघडलेलं असतं, आणि माझ्या हातचं बिघडलेलं काम मला सहन होत नाही. कारण एवढंच आहे. त्यात दुसरं काही नाही.

निघताना म्हटलं, भोगाचं चुकलं माझं. ती म्हणाली, “व्हय, चुकलं.” मी पायऱ्या उतरलो तेव्हा म्हणाली, “मी तुला सांगायला पायजे होतं. तू बापूंसमोर तोंडावरचं लपवू शकत न्हाईस म्हणून न्हाई सांगितलं.” हे चांगलं की वाईट ते कळलं नाही. मी चांगलं धरलंय.

२१ फेब्रुवारी

काल आणि आज मिळून काकांनी सात वेळा स्विच पाडला. सातही वेळा जुडला. खबर माझ्या याडीनं पाणी आणताना चतुराबाईकडून आणली. याडीला ब्लूटूथ म्हणजे काय माहीत नाही, पण आकडा तिनं बराबर सांगितला आणि मला जास्तीची भाकर वाढली.

२३ फेब्रुवारी

आज नाही जुडला. माझ्या बापूंनी येऊन सांगितलं. माझ्या डोळ्यांसमोर सगळी फाईल फिरली, ओळ न ओळ. गाडी काढून हरिचंदकाकांच्या कुडापर्यंत गेलो आणि बाहेरच थांबलो. अंगणात पाय ठेवायचा नाही.

आतलं ऐकू येत होतं. काका म्हणत होते, जाऊ दे लेका, तू लय केलंस. मी ओरडणार होतो, दिवा बघ, नेकबँडचा दिवा बघ. मग ध्यानात आलं, दिवा तिला कसा दिसेल, आणि मी ओरडलो तर हाक मारल्यासारखंच झालं. दात दाबून उभा राहिलो. आयुष्यात एवढं गप्प मी कधी राहिलेलो नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “बापू, याला चार्ज न्हाई. रातच्याला लावायला इसरले. चूक माझी हाय, मशीनची न्हाई.” तिनं चार्जर हातानं चाचपून शोधला, अर्धा तास थांबली, बटण दाबलं. मग आतून बटणांची टकटक सुरू झाली. लॅपटॉपचा आवाज मला ऐकू येत नाही, तो फक्त तिच्या कानात असतो. टकटक ऐकू आली की समजायचं.

काका बाहेर आले. मला कुडापाशी बघितलं. मी म्हटलं, आत आलो नाही काका. ते म्हणाले, “दिसून राहिलं.”

२६ फेब्रुवारी, बुधवार

सात दिवस झाले. काकांनी एकूण चोवीस वेळा स्विच पाडला. चोवीस वेळा तिनं एकटीनं लॅपटॉप बोलता केला. हाक एकदाही नाही. तेविसाव्याला काका म्हणे स्विच पाडायला गेले आणि हात तिथंच ठेवून उभे राहिले. चतुराबाईनं विचारलं, काय झालं. म्हणाले, अभ्यास करून राहिली ना ती.

संमतीपत्रावर सही झाली.

काका दुपारी दुकानात आले. शिवशंकरनं खुर्ची दिली, ते बसले नाहीत. सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “शिवशंकर, तुमच्या हितला हा पोरगा कामाचा हाय.” आणि गेले. शिवशंकर मला दिवसभर ‘कामाचा’ म्हणून हाक मारत होता. मारू दे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या सकाळच्या जीपनं दिपा आणि काका हिंगोलीला जाणार, तिथून पुढं पुण्याला.

आज तिनं बोलावलं. अंगणात यायला परवानगी होती. मला वाटलं, काहीतरी बोलायचं असेल. शर्ट साधाच घातला. तिनं लॅपटॉप मांडीवर घेतलेला. म्हणाली, तुझी फाईल मी पुसून टाकणार आहे.

मला वाटलं चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. माझं डोकं एकदम तापलं. चोवीसपैकी चोवीस वेळा चाललेली फाईल. मी म्हटलं, काहून, माझ्या हाताला काय झालंय? ती म्हणाली, “तुझा हात पुण्यात असणार का?”

मी तिच्याशेजारी खाली बसलो.

“तिथं बिघडलं तर मलाच करावं लागंल. तू सांग, मी लिहिते. एकदा माझ्या हातून झालं की झालं.”

तिनं फाईल पुसली. माझ्या देखत, दोन बटणांत. मग मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. आवाज उठला का बघ. उठला की मग बोलाव. नाही आला तर पाच सेकंदांनी परत. दोन ठिकाणी ती मला अडवून म्हणाली, हे असं काहून, आणि एका ठिकाणी मला सांगता आलं नाही, कारण ती ओळ मी इंटरनेटवरून तशीच उचलली होती. तिनं ती काढून बघितली. तिच्यावाचून चालत होतं. तिची फाईल माझ्यापेक्षा एका ओळीनं लहान झाली. नंबर तिनं पाठच टाकला.

शेवटी फाईलला नाव द्यायचं होतं. मी सांगितलं, नाव काहीही चालतं, तुला ध्यानात राहील असं दे, दर वेळी लॅपटॉप चालू झाला की सगळ्यात आधी तुझ्या कानात तेच नाव येईल. असंच मी लिहायला सांगितलं होतं, म्हणजे जुडलं ते कळतं.

तिची बोटं थांबली. स्क्रीन माझ्या बाजूलाच होता. ती म्हणाली, “बघू नको.”

मी मान फिरवली आणि कुडाकडं बघत बसलो. बटणं किती वाजली तेसुद्धा मोजलं नाही. मोजता आलं असतं.

मग तिनं स्वतः उठून मेन स्विच पाडला, चाचपत, आणि वर केला. बटण दाबलं. काका दारात उभे. बारा सेकंद झाले असतील. तिच्या कानात काहीतरी आलं आणि तिचं तोंड झालं. तसं.

“विचारणार न्हाईस?” ती म्हणाली.

मी म्हटलं, न्हाई. चाललं ना?

“चाललं.”

मग मी उठलो, काकांना रामराम केला आणि घरी आलो. नाव काय आहे ते मला माहीत नाही. ते परवापासून पुण्यात रोज सकाळी वाजेल, आणि तिथं ते एकट्या दिपालाच ऐकू येईल. काम पक्कं झालं आहे.